आत्याबाई होत्या कशावरून?

नाकबूल साहेबांची सत्यावर अढळ श्रद्धा होती. हे वाक्य माझं नाही. साहेब गेल्यावर आमच्या फर्मच्या शोकसभेत मुख्य भागीदारांनी ते इंग्रजीत म्हटलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. साहेब स्वतः तिथे असते तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, "कोणाच्या सत्यावर? आणि कशावरून?" मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. त्या काळात त्यांची श्रद्धा बसलेली एकच गोष्ट माझ्या पाहण्यात आली. ती म्हणजे रजिस्टर पोस्टाची पावती.

नाकबूल हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. खरं नाव मी लिहीत नाही, कारण ते त्यांना आवडलं नसतं, आणि अशा माणसाच्या न आवडण्याची भीती तो गेल्यावर लगेच जात नाही. नाव ज्युनिअर मंडळींनी ठेवलं होतं आणि त्याला कारण होतं. दिवाणी दाव्यात एक नियम आहे. समोरच्यानं लिहिलेलं जे विधान तुम्ही स्पष्टपणे नाकारत नाही, ते तुम्ही मान्य केलं असं धरतात. म्हणून वकील मंडळी परिच्छेदामागून परिच्छेद लिहीत जातात: सदर मजकूर खोटा असून प्रतिवादीस नाकबूल आहे. बाकीचे वकील हे कागदावर करतात आणि संध्याकाळी माणसांत परत येतात. साहेबांनी ते घरी नेलं होतं. लिफ्टमध्ये कोणी म्हणालं, "काय उकडतंय आज!" की साहेब म्हणत, "असं तुमचं म्हणणं आहे." एका लग्नात यजमान हात जोडून म्हणाले, "आपण आलात, फार बरं वाटलं." साहेब गंभीरपणे म्हणाले, "बरं वाटलं की नाही हे केवळ आपल्याच माहितीतलं आहे. मला त्याबद्दल काही सांगता येणार नाही." यजमानांनी त्यांना घाईघाईनं आइस्क्रीमच्या रांगेत नेऊन उभं केलं.

मी नोकरीसाठी त्यांच्यापुढे गेले तेव्हा फर्म फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत होती. मी परळच्या चाळीतून आलेली. आमच्या चाळीतल्या मुलीनं वकील होणं म्हणजे काय असतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून उपयोग नाही. वडिलांनी काळा कोट स्वतः इस्त्री करून दिला होता. साहेबांनी माझा अर्ज उन्हाला धरून पाहिला आणि विचारलं, "तुम्ही जाधव कशावरून?"

मी आधार कार्ड पुढे केलं.

"हे तुमचं कशावरून?"

"साहेब, त्यातला फोटो इतका वाईट आहे की दुसरं कोणी तो स्वतःचा म्हणणार नाही."

त्यांनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "हा पुरावा," ते म्हणाले. "सोमवारपासून या." त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी त्यांना जाधव होते आणि तुम्ही होते. ताई, बेटा, पोरी हे शब्द इतर केबिनमधून मोकळेपणानं ऐकू येत. तशा हाका ऐकून घेणाऱ्या मुलींना फाइली मात्र मिळत नसत. मला जाधवच बरं वाटलं.

साहेब व्यापारी दाव्यांचे वकील. म्हणजे खून, दरोडा, घटस्फोट असलं रसरशीत काही नाही. एका कंपनीनं दुसरीला दिलेला शब्द आणि दुसरीनं तो कसा ऐकला, यांतलं अंतर मोजत बसायचं. या कामाला संशयी माणूस लागतो, आणि साहेबांच्या घराण्यात संशय पिढीजात होता. गिरगावातलं जुनं घर. पणजोबा गोऱ्यांच्या कचेरीत कारकून, आजोबा वाडीतल्या दोन घरांचे मालक, वडील भाडेकरूंशी भांडत भांडत एका घराचे मालक. साहेबांना वारसाहक्कानं एक शिसवी कपाट आणि दोन चालू दावे मिळाले होते.

अशिलांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "अशील खोटं बोलत नाही, जाधव. तो अर्धं सांगतो. उरलेलं अर्धं समोरचा वकील सांगतो, आणि तेही जज्जासमोर." त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या अशिलाची पहिली उलटतपासणी आमच्याच केबिनमध्ये व्हायची. मोठमोठे कारखानदार आत जाताना खुर्चीत ऐसपैस बसत आणि बाहेर येताना खिसे चाचपत. एकानं मला विचारलं होतं, "तुमचे साहेब आपल्या बाजूनं आहेत ना?" मी म्हटलं, "ते ठरायचं आहे."

आणि पोस्ट. नोटिसा पाठवायच्या तर फर्ममध्ये शिपाई होते, कुरिअर होतं. साहेबांचा दोघांवरही विश्वास नव्हता. शिपाई पाकीट टाकतो म्हणतो, टाकतो कशावरून? सकाळी घरून निघाले की ते जाडजूड पाकिटांनी फुगलेली कापडी पिशवी घेऊन स्वतः गिरगावातल्या पोस्टात जात, काउंटरवर उभे राहत, प्रत्येक पाकिटाचा पत्ता तिथल्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घेत आणि पावत्या खिशातल्या पाकिटात ठेवून मगच कोर्टाची वाट धरत. संध्याकाळी परतताना पुन्हा तिथे डोकावत, पोचपावत्या आल्या का बघायला. पोस्टातले लोक आधी वैतागले, मग सरावले, मग त्यांना आतल्या बाजूला खुर्ची ठेवू लागले. त्या खुर्चीवर बसून साहेब लोकांनी चुकीचे लिहिलेले पिन कोड दुरुस्त करून देत. तो त्यांचा एकमेव छंद होता.

आपण वकील आहोत हे मात्र त्यांनी वाडीत कोणाला कळू दिलं नाही. "कळलं की जिन्यावर रांग लागेल. गळकी मोरी, सामाईक भिंत, मेव्हण्याचा टेम्पो. आणि सल्ला फुकट दिला की हरण्याचा दोष मात्र पूर्ण आपला." काळा कोट ते ऑफिसातच ठेवत. मी एकदा तातडीच्या कागदावर सही घ्यायला घरी जाणार होते, तेव्हा त्यांनी फोनवर बजावलं होतं, "कोट पिशवीत घालून या." मी तसं केलं. जिन्यात वाडीचे चिटणीस भेटले. हे गृहस्थ गणपतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यांचे चिटणीस होते. माझ्या हातातला पाकिटांचा गठ्ठा पाहून त्यांनी आदरानं विचारलं, "तुम्हीपण पोस्टात का?"

मी वर जाऊन साहेबांना हे सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही पोस्टात आहात असं लोकांना वाटतं."

"वाटू दे."

"तुम्ही नाकारत नाही?"

साहेबांनी सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, "मला कोणी थेट विचारलेलं नाही." जन्मभर सगळं जग नाकारणाऱ्या माणसानं तेवढं एक विधान तसंच राहू दिलं होतं.

आता आत्याबाई.

लालबागच्या एका चाळीच्या तळमजल्यावर 'आत्याबाई मसाले' नावाचं दुकान आहे. मिरची, धणे, खडा मसाला आणायचा, समोर भाजून कांडून घ्यायचा, किंवा तयार घ्यायचा. आत्याबाई वारल्यापासून दुकान त्यांच्या सूनबाई सुलभाताई चालवतात. एक दिवस परळच्या काचेच्या इमारतीत बसणाऱ्या एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीनं 'आत्याबाई' याच नावाचा मसाला चकचकीत पाकिटांतून बाजारात आणला. पाकिटावर नथ घातलेली, भरघोस हसणारी म्हातारी. कंपनीनं नावाची रीतसर नोंदणी करून घेतली, आणि मग दावा लावला तो सुलभाताईंवर: आमचं नाव वापरता, पाटी उतरवा.

सुलभाताई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्यापाठोपाठ मिरचीचा वासही केबिनमध्ये आला. साहेबांनी दोनदा शिंकून कामाला सुरुवात केली. "नोंदणी त्यांची आहे. पण त्याआधीपासून हे नाव तुमच्या दुकानाला होतं आणि लोक त्या नावानं दुकान ओळखत होते, हे सिद्ध केलंत तर ते तुम्हाला हात लावू शकत नाहीत."

"मग झालं की!" सुलभाताई म्हणाल्या. "सासूबाईंचंच नाव ते."

"आत्याबाई होत्या कशावरून?"

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमध्ये पाहिलं.

"होत्या कशावरून म्हणजे? माझ्या सासूबाई, साहेब! वीस वर्षं बोलणी खाल्लीयेत मी त्यांची!"

"त्यांचं नाव मनोरमा. रेशन कार्डावर मनोरमा, दुकानाच्या परवान्यावर मनोरमा, मृत्यूच्या दाखल्यावर मनोरमा. मनोरमाबाई होत्या हे मला दिसतं. आत्याबाई मला कुठे दिसत नाहीत. जुनी पाटी?"

"तीच आहे. दर दिवाळीला वरून रंग देतो."

"म्हणजे सगळ्यात वरचा रंग गेल्या दिवाळीचा. समोरचा म्हणेल, पाटीही गेल्या दिवाळीची."

सुलभाताई उठल्या. मला वाटलं, गेल्या. पण त्या खुर्चीमागे जाऊन, पाठ धरून उभ्या राहिल्या. "साहेब, माझं नाव आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नाही. आत्याबाईची सून, एवढीच मी. नवरा गेला, सासू गेली, तरी गिऱ्हाईक पाटी बघून येतं. उद्या पाटी उतरवली तर मसाला तोच राहील हो. पण मी कोण म्हणून विकू?"

 साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. संशय संपल्याची नव्हे, पण केस घेतल्याची ती खूण होती.

पुढच्याच शनिवारी आम्ही लालबागला गेलो. साहेबांचा जसा शिपायावर विश्वास नव्हता तसा ज्युनिअरनं शोधून आणलेल्या साक्षीदारावरही नव्हता. तिथे एक साक्षीदार तयारच होता. गल्लीतले एक समाजसेवक, पांढरे शुभ्र कपडे, हातात दोन मोबाइल, आणि पुढच्या निवडणुकीत उभे राहणार असं ज्यांच्याबद्दल मुख्यतः तेच म्हणत असत असे. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, मी या मातीतला माणूस. आत्याबाई मसाले हे नाव मी बालपणापासून वाचत आलोय. अमुक साली, अमुक तिथीला दुकानाचं उद्घाटन झालं, मी स्वतः नारळ फोडला. कुठल्याही कोर्टात सांगतो."

"तुमचं वय?" साहेबांनी विचारलं. त्यांनी सांगितलं. साहेबांनी क्षणभर हिशेब केला. "म्हणजे नारळ फोडला तेव्हा तुम्ही जन्माला यायचे होतात."

"तसं नव्हे साहेब, भावना समजून घ्या..."

चहा घेऊन आम्ही बाहेर पडलो. "ज्याला सगळं आठवतं तो पढवलेला," साहेब म्हणाले. "आणि जो अशिलावर प्रेम करतो तो निरुपयोगी. मैत्रिणी, गिऱ्हाईकं, नातेवाईक, सगळे बाद. जाधव, या आत्याबाई खरोखर असतील तर त्यांचं कोणाशी तरी भांडण असलंच पाहिजे. चाळीत राहून ज्याचं कोणाशी भांडण नाही तो माणूस नव्हताच असं समजावं."

आम्ही परत फिरलो आणि साहेबांनी सुलभाताईंना विचारलं, "तुमच्या सासूबाईंचा वैरी कोण?"

सुलभाताईंनी नुसती मान वर केली. वर, पहिल्या मजल्यावर, बरोबर दुकानाच्या डोक्यावर सावंत काकी राहत. खालून मिरचीचा खकाणा उठला की तो थेट काकींच्या स्वयंपाकघरात जायचा. त्यावरून वर्षानुवर्षं वरून पाणी आणि खालून शब्द यांची देवाणघेवाण चाले. मग एका हळदीकुंकवाला, भरल्या खोलीत, आत्याबाई म्हणाल्या की काकींच्या मटणाला चव नाही, कारण त्यात आमचा मसाला नाही. त्या दिवसापासून काकींनी मसाला दादरहून आणला आणि खालच्या बाईचं नाव तोंडातून बाद केलं.

"ती बाई सासूबाईंच्या तेराव्यालासुद्धा आली नाही!" सुलभाताई म्हणाल्या.

"उत्तम," म्हणत साहेब जिना चढले.

काकींनी दार अर्धंच उघडलं. त्यांनाही आमचा संशय आला होता, त्यामुळे दोघांचं लगेच जमलं. "आमी कोणाच्या बाजूचे नाय," काकी म्हणाल्या. "मीही नाही," साहेब म्हणाले. मग काकी अर्धा तास बोलल्या: खकाणा, खोकला, डॉक्टर, पुन्हा खकाणा. कांडप कधी आलं, पाटी कधी लागली, पहिल्या पाटीत कुठला रंग होता, सगळं रागाच्या क्रमानं लक्षात होतं. फक्त 'आत्याबाई' हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. खालची. ती खालची. मेली खालची.

"काकी, पाटीवर नाव काय होतं?" मी विचारलं.

"तिचां नाव माका घेऊक सांगू नकात."

ऑफिसात येऊन साहेबांनी काकींचं प्रतिज्ञापत्र स्वतः सांगितलं आणि मी लिहून घेतलं. कांडप, पाटी, रंग, खोकला. सगळीकडे 'खालची बाई'. मी थांबले. "साहेब, दावाच नावाचा आहे. आपल्या मुख्य साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रात नावच नाही?"

"तिच्या तोंडात नाही ते कागदात घालू नका. समोरचा एका प्रश्नात उघडं पाडील."

"मग नाव येणार कुठून?"

"विचारेल कोणीतरी," साहेब म्हणाले आणि पिशवी उचलून पोस्टात गेले.

सुलभाताईंना हे कळलं तेव्हा त्या मला फोनवर म्हणाल्या, "वकीलबाई, तुमचे साहेब कंपनीला फितूर नाहीत ना?" मी ठामपणे नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला ते कशावरून माहीत होतं, हे मला सांगता आलं नसतं.

साक्षी नोंदवायला कोर्टानं एक निवृत्त न्यायाधीश कमिशनर म्हणून नेमले होते. एका लांबट खोलीत, लांबट टेबलाशी आम्ही बसलो. कंपनीचे वकील तरुण होते, मराठी होते आणि प्रश्न इंग्रजीत विचारत होते. कमिशनर ते काकींना मराठीत सांगत. काकी ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत खोकल्याच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या. सुलभाताई भिंतीला लागून बसल्या होत्या. एका चाळीत वरखाली राहणाऱ्या त्या दोघी वेगवेगळ्या टॅक्सीनं आल्या होत्या.

वकिलांनी आधी मसाल्याचं पाकीट पुढे केलं. "यावरच्या या बाई तुमच्या खाली राहत होत्या का?"

काकींनी चष्मा लावून पाहिलं. "ह्या? छे. ती कधी हसली नाय इतकी."

"म्हणजे पाकिटावरच्या बाईंशी खालच्या बाईंचा संबंध नाही."

"काडीचा नाय."

वकील खूश झाले. सुलभाताईंनी डोळे मिटले. पुढे तासभर वकिलांनी चांगलं काम केलं. पाटीवरचं नाव तुम्ही स्वतः वाचलंत का? काकी म्हणाल्या, खालचीची पाटी मी कशाला वाचत बसू? त्या नावानं तुम्ही कधी हाक मारलीत? कधीच नाय. त्या दुकानातून त्या नावाचा मसाला घेतलात? मरण आलं तरी घेणार नाय. प्रत्येक उत्तराबरोबर आमची बाजू वितळत होती. मी साहेबांकडे पाहिलं. ते पावत्यांचं पाकीट काढून त्या तारखेप्रमाणे लावत होते.

वकिलांनी तिथे थांबायला हवं होतं. त्यांना जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. उलटतपासणी संपवण्यापूर्वी आपली बाजू साक्षीदाराच्या तोंडावर एकदा मांडायची, म्हणजे नंतर कोणी म्हणू नये की तुम्ही विचारलंच नाही. साक्षीदार 'हे खरं नाही' म्हणतो, ते टाइप होतं आणि सगळे जेवायला जातात. कमिशनर म्हणाले, "झालं?" वकिलांनी कोट नीट केला आणि रीतीप्रमाणे म्हटलं, "माझं म्हणणं असं आहे की खालच्या बाईंना आत्याबाई असं कोणीही, कधीही म्हणत नव्हतं."

कमिशनरांनी ते मराठीत सांगितलं. काकींच्या मानेची शीर ताठ झाली.

"कोणी म्हणत नव्हतं? अरे झिला, अख्खी चाळ म्हणायची! सकाळी उठल्यापासून आत्याबाई, आत्याबाई! दूधवाला आत्याबाई, पोस्टमन आत्याबाई, माझा सख्खा नवरा आत्याबाई म्हणायचा तिला! मी एकटीच तेवढी म्हणत नव्हते. माजी खंयची आत्या ती!"

एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. कमिशनरांनी पाणी मागवलं आणि टायपिस्टला शांतपणे सांगितलं, "साक्षीदार खोकली असंही लिहा."

सुलभाताई जागच्या उठल्या आणि पाण्याचा ग्लास घेऊन गेल्या. काकींनी ग्लास घेतला, पाणी प्यायलं आणि ग्लास टेबलावर ठेवला, त्यांच्या हातात दिला नाही.

टॅक्सीत मी विचारलं, "साहेब, हे तुम्ही आधीच ओळखलं होतंत?"

"असं तुमचं म्हणणं आहे," साहेब म्हणाले.

निकाल यायचा तेव्हा आला. न्यायाधीशांनी काकींचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं आणि पुढे लिहिलं होतं: कागदोपत्री नाव काय हा प्रश्न नाही, आसपासचे लोक एखाद्याला कोणत्या नावानं आणि कशाबद्दल ओळखतात हे महत्त्वाचं, वैरीही ते नाकारू शकत नसेल तर त्याहून सबळ पुरावा नाही. दावा फेटाळला. पाटी राहिली. सुलभाताईंनी पेढ्यांऐवजी मसाल्याचं पुडकं आणलं. साहेबांनी ते हुंगलं, शिंकले आणि म्हणाले, "हा त्यांच्याच कृतीचा कशावरून?" सुलभाताई हसत म्हणाल्या, "वर विचारून या. खकाणा ओळखतील त्या." काकींचा अबोला मात्र कायम राहिला. मी नंतर एकदा भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "साक्ष खरी दिली, म्हणून भांडण खोटं होतं की काय?"

"आता तरी पटलं ना साहेब, आत्याबाई होत्या?" मी एकदा विचारलं.

"कोर्टाला पटलं," ते म्हणाले. "मी बंधनकारक समजतो. पटणं वेगळं."

त्यानंतर आमची फर्म एका मोठ्या फर्ममध्ये विलीन झाली आणि परळला, त्याच मसालेवाल्या कंपनीच्या समोरच्या काचेच्या इमारतीत गेली. माझ्या वडिलांनी जिथे पाळी केली त्या गिरणीच्या जागेवर माझी केबिन आली. वडील बघायला आले आणि विचारलं, "साचे कुठे होते, इथे की तिकडे?" त्यांच्या मागांची जागा काही ठरवता आली नाही. नव्या व्यवस्थापनाला वेबसाइटसाठी प्रत्येक वकिलाची व्यावसायिक पार्श्वभूमी हवी होती. इतरांनी आपापली लिहिली, आणि ती वाचून मला कळलं की मी किती अग्रगण्य, दूरदर्शी आणि निकालाभिमुख माणसांसोबत रोज डबा खाते. साहेबांची लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी 'अग्रगण्य' लिहिलं. "कोणाच्या अग्रभागी? रांग दाखवा," साहेब म्हणाले आणि शब्द खोडला. 'यशस्वी' खोडला: हरलेले अशील पत्ता शोधत येतील. 'प्रदीर्घ अनुभव' खोडला: अनुभव आला हे सिद्ध करता येईल, त्याचा उपयोग झाला हे येणार नाही. फोटो द्यायचा नाही म्हणाले. ओळखू येणाऱ्या माणसाला समन्स चुकवता येत नाही. शेवटी 'वकील आहेत' एवढंच उरलं, आणि वर माणसाच्या आकाराचा एक करडा डाग. वेबसाइटवर त्यांचं पान तसंच होतं.

त्यांचा शेवटचा आजार परळच्याच एका हॉस्पिटलात झाला. तपासणीचे कागद दाखवायला आलेल्या तरुण डॉक्टरला त्यांनी विचारलं, "हे माझेच कशावरून?" डॉक्टरनं हातावरचा पट्टा दाखवला. "हा हात माझा, मान्य," साहेब म्हणाले, "पण पट्टा तुम्ही बांधलात." मी रोज जात असे. एकदा, निघताना, बोलायचं म्हणून मी म्हणाले, "साहेब, तुम्ही बरे होणार."

मी दाराशी थांबले. मला त्यांचं उत्तर पाठ होतं. पण त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, बराच वेळ, आणि काहीच बोलले नाहीत. नाकारलं नाही म्हणजे मान्य केलं, या नियमावर विसंबून मी घरी गेले. नियमाला अपवाद असतात. हा त्यांतला निघाला.

फर्मची शोकसभा झाली, ती सत्यावरच्या अढळ श्रद्धेची. त्याच आठवड्यात वाडीनंही सभा ठेवली होती. मी गिरगावात पोचले तेव्हा वाडीच्या तोंडाशी फळा उभा होता आणि चिटणीस ओल्या फडक्यानं त्याच्या कडा पुसत होते. रंगीत खडूनं, फार वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आमच्या वाडीचे ज्येष्ठ रहिवासी, पोस्ट खात्याचे निष्ठावंत सेवानिवृत्त अधिकारी, यांचे दुःखद निधन.

चिटणिसांनी मला ओळखलं. "तुम्ही त्यांच्याच ऑफिसातल्या ना? जरा बघा, मजकूर बरोबर आहे? चूक असेल तर आत्ताच सांगा, खडू आहे हातात."

माझ्या पिशवीत काळा कोट होता. सवयीनं घडी घालून आणला होता. मी तो मजकूर दोनदा वाचला. खोडायचा तर 'नाकबूल' एवढा एकच शब्द पुरेसा होता, आणि तो शब्द मला त्यांनीच शिकवला होता. पण आसपासचे लोक माणसाला कशाबद्दल ओळखतात तेच महत्त्वाचं, हे आमचंच म्हणणं होतं. ते आम्ही खालच्या बाईसाठी वरच्या काकींच्या तोंडून लढवलं होतं आणि जिंकलो होतो. त्याविरुद्ध अपीलही झालं नव्हतं.

मी काही बोलले नाही. चिटणिसांनी खडू खिशात टाकला.

सभेला वकिलांपैकी मी एकटीच होते. पोस्टातून चौघे आले होते.